चिंचेच्या वाटीखालचं तिकीट

हा लेख मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्यांदा लिहिलेले कागद डाळीच्या डब्यात सापडले, दुसऱ्यांदा लिहिलेले अजून सापडायचे आहेत. संपादकबाईंचे चार फोन येऊन गेले आणि चारही वेळा मी "आत्ता बसतेच हं लिहायला!" असं इतक्या गोड आवाजात सांगितलं की त्यांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. आवाजच तसा आहे माझा. त्या आवाजावर मी उभी नोकरी काढली.

महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. आता खिशातून फोन काढणाऱ्या पोरांना हे काम समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच. तर ऐका. भिंतीएवढा लाकडी बोर्ड. त्यावर भोकंच भोकं, गावातल्या प्रत्येक फोनला एक, आणि प्रत्येक भोकावर पत्र्याची इवलीशी पडदी. कुणी घरी बसून हँडल फिरवलं की त्याची पडदी खट्‌कन खाली पडायची. मी त्या भोकात दोरीचा पितळी प्लग खुपसायची आणि म्हणायची, "नंबर प्लीज!" मग दुसरा प्लग दुसऱ्या भोकात, घंटी, आणि दोन माणसं बोलायला लागायची. कानावर हेडसेट, छातीवर बोलायचा भोंगा, समोर चाळीस दोऱ्यांचा गुंता. अहाहा! नुसतं लिहिताना हात शिवशिवले.

हे झालं गावातल्या गावात. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. त्याची आधी नोंद करायची. मी एका चिठोऱ्यावर लिहून घ्यायची, कोण, कुठून, कुणाशी. त्या चिठोऱ्याला तिकीट म्हणत. मुंबईला आमच्या दोन लाइनी, त्यातली एक बरी आणि एक कायमची आजारी. लाइन मोकळी झाली की तिकिटाच्या क्रमाने कॉल लावायचा, तीन मिनिटं मोजायची, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" लोकांच्या लग्नात, भांडणात, रडण्यात मी असं दिवसातून पन्नासदा तोंड घातलेलं आहे.

बोर्डावर मी राणी होते. लग्नसराईत एकदम बारा पडद्या पडल्या तरी माझे हात आपोआप चालायचे, कोण कुणाला मागतंय ते सगळं डोक्यात. माझी जोडीदारीण कुसुम म्हणायची, "शशी, तुला दहा हात आहेत गं." पण बोर्डावरून उठले की माझ्यासारखी वेंधळी बाई सगळ्या तालुक्यात नव्हती. गिरणीत दळणाचा डबा ठेवून आले, तो तिसऱ्या दिवशी आठवला. गिरणीवाल्याने त्यावर खडूने 'एक्स्चेंज' असं लिहून ठेवलं होतं, कारण असा डबा दुसऱ्या कुणाचा असणंच शक्य नव्हतं. छत्र्या किती हरवल्या ते विचारूच नका. आमचे हे हायस्कूलात गणित शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणे, म्हणून मीही सरच म्हणते. सर म्हणायचे, "ही बाजारात जाते तेव्हा मी देवाला नाही, रस्त्याला सांगतो की हिला परत पाठव."

हसण्यावारी चाललं होतं सगळं. माघातल्या त्या दुपारपर्यंत.

जेवणवेळ झाली की बोर्ड पेंगायचा. गाव झोपलं, पडदी हलेना. अशा वेळी पोलादपूरच्या पोस्टातून कॉलची नोंद आली. तिथला पॅकर तात्या हा तिथला टपाल बांधणाराही आणि फोनवर ओरडणाराही. दोन गावांत सहा कोसांचं अंतर आहे हे त्याला मान्य होतं, पण फोनने ते कमी होतं हे मान्य नव्हतं. "हॅलो म्हाड! हॅलो म्हाड! उमरठच्या वरल्या वाडीवरनं एक बाय आलीय, हौसा नाव. तिला नवऱ्याशी बोलायचा हाय ममईला. खानावळीत कामाला हाय तो. वाण्याच्या दुकानात फोन हाय, तिथं येऊन बसलाय तो. घे लिहून!"

मी लिहून घेतलं. मुंबईची लाइन बंद होती, म्हणून तिकीट बाजूला ठेवलं. आणि माझं लक्ष एका प्लगकडे गेलं. काळा पडला होता हो बिचारा. पितळेची वस्तू आणि काळी? डब्यात आमटीसाठी आणलेली चिंच होती. ती वाटीत कालवली आणि एक प्लग घासला. असा लखलखला! मग शेजारचा घासला. मग म्हटलं, आता हे दोन चमकतात आणि बाकीचे कसे दिसतील? तीन तास! तीन तास मी चिंचेने प्लग घासत बसले होते. पडदी पडली की कॉल लावून देत होते, त्यात चूक नाही. पडदीला आवाज असतो. तिकीट बिचारं गप्प बसतं. तात्याने मध्ये दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी "लावते हं आत्ता" म्हटलं आणि ते खरंच मनापासून म्हटलं, आणि फोन ठेवता ठेवता माझ्या हातात पुढचा प्लग होता.

संध्याकाळी कुसुम पाळीवर आली. तिने वाटी उचलली आणि खालून हौसाचं तिकीट निघालं. तोवर पोलादपूरचं पोस्ट बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आंबटाने सगळ्या प्लगांवर हिरवं चढलं आणि गावभर फोनमध्ये शेंगा फोडल्यासारखी खरखर सुरू झाली. ते एक वेळ चाललं असतं. पण चार दिवसांनी बाजाराच्या दिवशी एक्स्चेंजच्या खिडकीशी एक लुगडं नेसलेली उन्हाने रापलेली बाई येऊन उभी राहिली, कडेवर अडीच-तीन वर्षांची पोर. "ती फोनवाली बाय कोन हाय?" मी म्हटलं, मीच. मला वाटलं आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इसारलीस काय गो?" एवढंच म्हणाली.

मग हळूहळू कळलं. ती पोर, चिमी, बोलत नव्हती. मुकीच आहे असं वाडीने ठरवून टाकलं होतं. माघ लागला आणि ती एकाएकी बोलायला लागली, पण फक्त शेळीशी. माणूस दिसलं की गप्प. हौसाने दाराआडून ऐकलं, आणि बापाला पोरीचा आवाज ऐकवायचा म्हणून पत्र लिहून घेऊन वार ठरवला, डोंगर उतरून आली, आणि पोस्टाच्या पायरीवर दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसली. तिकडे नवरा कामावरून अर्धा दिवस सुटून वाण्याच्या दुकानात बसला होता. "ती पेटी बोलंल, मंग तू बोल, असा सांगितला व्हता तिला. पेटी बोललीच नाय. आता पोर शेरडीला म्हनतंय काय, खोटा हाय सगला." चिमीने मला बघून आईच्या खांद्यात तोंड लपवलं. मला भुईत जावंसं वाटलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी विसरले, पण ती पाठमोरी पोर नाही विसरले.

आमचे सुपरवायझर दामले साहेब. सरळ रेषेसारखा माणूस, पेन्सिलसुद्धा टोक वर करून ठेवणारा. त्यांनी मेमो दिला आणि मग समोर बसवलं. "बाई, तुम्ही आळशी नाही. खोटं बोलत नाही. गर्दीत तुमच्याइतकं कुणी काम करत नाही. मग हे होतं कसं?" मला काय माहीत! ते म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांचा दाखला आणा. नाहीतर तुम्हाला बोर्डावरून उठवावं लागेल. फायलींच्या खोलीत बसवतील."

फायलींची खोली! तिथे पडदी नाही, घंटी नाही, माणसाचा आवाज नाही. आठवड्यात मी खरंच वेडी झाले असते. आणि खुर्चीचं आणखी एक होतं. आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या वस्तीतली खुर्चीवर बसून सरकारी नोकरी करणारी पहिली बाई मी. नोकरी लागली तेव्हा माझी आई एक्स्चेंज बघायला आली होती. बोर्डाकडे तिने बघितलंही नाही. खुर्चीच्या हातावरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाली, "घट्ट बस." ती खुर्ची आता एका वाटीभर चिंचेपायी चालली होती.

महिन्यातून एकदा शनिवारी मुंबईहून एक मनोविकारतज्ज्ञ यायचे, बाजारातल्या एका दवाखान्याच्या माडीवर बसायचे. गाव त्यांना वेड्यांचे डॉक्टर म्हणे, त्यामुळे त्या जिन्यावर चढणारा प्रत्येक जण मागे वळून बघत चढायचा. मी डोक्यावरून पदर घेऊन गेले. सर बरोबर. बाकावर पाचसहा जण, सगळे भिंतीकडे तोंड करून. एका गृहस्थांनी डोळ्यांपर्यंत पंचा गुंडाळला होता. त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर किती वाजता येतात हो?"

आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "चोवीस नंबर ना?"

ते ताडकन उभेच राहिले. अहो, मी गावातल्या कुणाचं तोंड ओळखत नव्हते, पण आवाज सगळ्यांचे ओळखत होते! (चोवीस हा आकडा मी बदलून लिहिलाय. खरा नंबर ऑपरेटरच्या पोटातून निघत नसतो.) त्यांनी पंच्यातून विचारलं, "एक्स्चेंज काय?" कोपऱ्यातली बाई ओरडली, "अगो बाई, ही तर ट्रंकवाली!" झालं. पदर गेला, पंचा गेला. कुणी म्हणे माझा पुण्याचा कॉल कधी लागणार, कुणी म्हणे परवा मध्येच का तोडलात. चोवीस नंबर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झोप येत नाही हो मला, बाकी काही नाही. कुणाला बोलू नका." मी म्हटलं, "मीसुद्धा दातांसाठी आलेय." डॉक्टरांनी दार उघडलं तर अख्खा बाक खिदळत होता. "इथे पेशंट कोण आहेत?" त्यांनी विचारलं. "सगळेच!" असं आम्ही एका सुरात म्हटलं.

डॉक्टर तरुण होते, काडीसारखे, चष्मा नाकावरून घसरणारा. त्यांनी लहानपणापासून सगळं विचारलं. शाळेत कशा होता, पाट्या किती हरवल्या, एका जागी बसवायचं का, आधी कृती की आधी विचार. मग म्हणाले, "शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव," मी म्हटलं. त्र्याण्णव म्हणजे आमचा बर्फाचा कारखाना. त्यांची पडदी अर्धीच पडायची, ते मी डॉक्टरांना सांगितलं. मग शहाऐंशी. शहाऐंशी म्हणजे मोटार गॅरेज, त्यांच्या घरी नुकतीच जुळी झाली होती, तेही सांगितलं. एकोणऐंशीपर्यंत पोहोचायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली आणि तिथे सरांनी कपाळाला हात लावला. मग डॉक्टरांनी छापील कागद दिला, त्यातला प्रत्येक 'क' खोडायचा. पहिल्या तीन ओळी मी चोख खोडल्या. चौथ्या ओळीत कळलं की मजकूर आंब्यांच्या कलमांबद्दल आहे. इतका छान होता! मी शेवटपर्यंत वाचला आणि कागद परत दिला.

"घरी कशा असतात?" डॉक्टरांनी सरांना विचारलं.

"लग्नाला अकरा वर्षं झाली. हिने माझं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाही."

"खरं का बाई?"

"काय?" मी म्हटलं. देवाशपथ, मला पंख्याचं एक पातं वाकडं दिसत होतं.

डॉक्टर हसले, पण निकाल दिला नाही. म्हणाले, "उद्या सकाळी या." मी तिथून तडक संध्याकाळच्या पाळीला गेले. मार्चचे दिवस, सत्याग्रहाच्या स्मरणदिनासाठी तळ्यावर ठिकठिकाणची माणसं आलेली. आमच्या घरात पाहुणे, ओसरीवर पाहुणे, आणि एक्स्चेंजच्या खिडकीशी ही रांग, प्रत्येकाला घरी कळवायचं की आम्ही सुखरूप पोहोचलो. विदर्भातलं गाव, मराठवाड्यातलं गाव, कधी नावही न ऐकलेली पोस्टं. पडद्या पावसासारख्या पडत होत्या. मी उभी होते की बसलेली, मला शुद्ध नव्हती. नऊ दोऱ्या एका वेळी चालू, तिकिटं फटाफट निकालात. दीड तासाने मान वर केली तर रांगेच्या बाजूला डॉक्टर उभे! मुंबईला घरी कॉल लावायला आले होते आणि नंबर सांगायचाच विसरले होते.

"आता कळलं," ते म्हणाले. "बाई, मघाशी माझ्या खोलीत होती ती कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि सरांना बसवून सांगितलं. "लोक म्हणतात तुमचं लक्ष नसतं. लक्ष भरपूर आहे, ते कुठे लावायचं हे तुमच्या हातात नाही. गर्दी असली की गर्दी तुम्हाला धरून ठेवते. शांत झालं की तुम्ही सुटता. हे आम्ही मुलांमध्ये बघतो. मोठेपणी जातं, असं आम्हाला शिकवलं होतं. आता नवी पुस्तकं म्हणतात की काही जणांचं जात नाही."

"माझं गेलं नाही?"

"तुमचं मोठं होऊन नोकरीला लागलंय."

त्यांनी त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि मी ते जिना उतरायच्या आत विसरले. आता सगळे त्याला एडीएचडी म्हणतात. माझ्या नातीच्या तोंडी तो शब्द पहिल्यांदा ऐकला आणि मला त्या माडीवरचा पंखा आठवला.

"म्हणजे मी बेफिकीर नाही?" मी विचारलं.

"बेफिकीर माणूस इथे बसून असा रडत नाही."

तेव्हा मला कळलं की मी रडत होते. शाळेतल्या बाईंपासून सासूबाईंपर्यंत ज्यांनी ज्यांनी मला 'लक्ष कुठे असतं गं तुझं' म्हणून बोलून घेतलं होतं, ते सगळे त्या खोलीतून एकेक करून उठून गेल्यासारखं वाटलं. सरांनी रुमाल दिला. तो माझाच होता, मागच्या महिन्यात हरवलेला.

औषध म्हणून गोळी सुरू झाली, सकाळी एक आणि दुपारी एक. "मूळची उदासीवरची आहे. थोड्या मात्रेत यालाही लागू पडते. पडेलच असं नाही, दर महिन्याला दाखवायचं," डॉक्टरांनी बजावलं. दाखल्यात लिहिलं की या बाईंना बोर्डावरून उठवू नये, उलट गर्दीच्या पाळीला बसवावं, सहा महिने पाहावं. आणि मला म्हणाले, "गोळीने अर्धं काम होईल. अर्धं तुमचं. आठवण डोक्यात ठेवू नका, अंगावर ठेवा."

पंधरा दिवस काहीच होईना. नुसती तोंडाला कोरड. मी दिवसभर आवळासुपारी चघळत "नंबर प्लीज" म्हणत होते. मग एका सकाळी सर पेपर वाचून काहीतरी सांगत होते आणि मी ऐकत होते. ऐकतच होते. वाक्य संपलं तरी मी तिथेच! रेडिओवर खरखर थांबून स्टेशन नीट लागावं, तसं झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं बोलणं सबंध ऐकलं, आणि तेव्हा कळलं की माणूस लाखमोलाचा, पण बोलतो फार कंटाळवाणं. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "गोळी बंद करूया का?"

आता अंगावरच्या आठवणीचं. मी सरळ कासाराकडे गेले. "सव्वादोनच्या हाताला पावणेतीनच्या मापाच्या द्या, चौदा." कासार म्हणाला, "बाई, गळून पडतील की हो!" मी म्हटलं, गळू नयेत पण सरकाव्यात. चौदाच्या चौदा डाव्या हातात घातल्या. ट्रंक कॉलची नोंद झाली की एक बांगडी डावीकडून काढून उजवीकडे. कॉल लागून संपला की ती परत डावीकडे. पाळी संपताना उजवा हात मोकळा हवा. मी तो उजवा हात हलवला आणि किण्‌ झालं की समजायचं, कुणीतरी कुठेतरी वाट बघतंय. गप्प बसणाऱ्या तिकिटाला मी आवाज दिला होता!

दामले साहेबांना ते पटेना. "हा आवाज गिऱ्हाइकाच्या कानात जातो." जायचाच. पण गिऱ्हाइकांना तो आवडायला लागला. बांगड्या वाजल्या म्हणजे आपला नंबर लागतोय, असं गाव म्हणायला लागलं. साहेबांनी एक वही आखली. "सहा महिन्यांत तीन चुका झाल्या की बोर्ड सुटला," असं सांगून ती माझ्या डोळ्यांदेखत टेबलावर ठेवली. पहिली नोंद आठवड्यातच झाली. मी हेडसेट न काढता पाणी प्यायला उठले आणि माठापर्यंत पोहोचण्याआधी अर्धा बोर्ड माझ्यामागे आला. दुसरी मे महिन्यात. बांगडी फुटली आणि तिच्याबरोबर मामलेदारांचं तिकीट डोक्यातून गेलं. मग मी श्वास रोखून दिवस काढले. जून गेला, जुलै गेला, गणपती आले आणि गेले. वहीत दोनच ओळी.

शेवटच्या आठवड्यात कुसुमच्या दारात सावित्री नदीचं पाणी आलं आणि तिची दुपारची पाळी माझ्यावर आली. तीच ती पेंगती वेळ. गोळी घेतलेली होती. गाव झोपलेलं. आणि पोलादपूरची पडदी पडली.

"हॅलो म्हाड! हॅलो म्हाड! ती हौसा आलीय परत. पोरीला घेऊन. शिमग्याला बाप आला तर पोर दाराआड लपली, ब्र नाय काढला. गनपतीला त्याला रजा नाय मिलाली. घरात बोलतेय म्हनं कोंबड्यांशी पन. आता इसारलीस तर मी सोता येतोय म्हाडला!"

बांगडी उजवीकडे. तिकीट समोर, नुसतं समोर नाही, मुठीत. मुंबई बंद होती. मी दर दोन मिनिटांनी मुंबईला हाका मारत राहिले. तेवढ्यात चोवीस नंबरांचा अर्जंट कॉल आला, तोही मुंबईचा. दुसरी बांगडी उजवीकडे. नियमाने अर्जंट आधी, पण लाइन मिळाली त्याच क्षणी माझ्या तोंडून मुठीतल्या तिकिटाचा नंबर गेला आणि वाण्याच्या दुकानातून नवऱ्याचा आवाज आला, म्हणून मी पोलादपूर जोडून दिलं. घड्याळ चालू केलं.

"हौसा, बरी हाय ना?" "बरी हाय. थांब, पोर बोलतेय. बोल गो चिमी. बोल, बाबा हाय." मग काही नाही. "बोल ना गो!" नुसता श्वास. सर्दी झालेला, सूं सूं करणारा. बाप तिकडून हाका मारतोय, "चिमे! ए चिमे!" एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. दामले साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. चोवीस नंबरची पडदी पडली, मी दुसऱ्या दोरीवर हळूच म्हटलं, "थांबा हो, एक पोर बोलायचंय." ते म्हणाले, "बोलू द्या, बोलू द्या."

तीन मिनिटं झाली.

माझं तोंड उघडलं होतं. "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" हे शब्द ओठांवर होते, पाठीशी साहेब होते, टेबलावर वही होती, आणि वहीत दोन ओळी. पण कानात तो श्वास बदलला. मी इतकी वर्षं माणसांचे श्वास ऐकलेत. बोलायच्या आधी माणूस कसा श्वास घेतं ते मला ठाऊक आहे. मी मध्ये बोलले असते तर तिने पुन्हा आईच्या खांद्यात तोंड लपवलं असतं, आणि पेटीत परकंच कुणीतरी बोलतं ही तिची खात्री झाली असती. मी भोंग्यावर हात ठेवला आणि ओठ मिटले.

"हॅलो म्हाड!" पोर किंचाळली. हुबेहूब तात्या!

मग बाप म्हणाला, "कोन? कोन बोलताय?"

"मी."

"मी कोन?"

"मी चिमी. बाबा, शेरडीला दोन पिल्ला झाली. एक कालां हाय. ता माजां हाय." आणि मग ती जी सुटली! शेळी, पिल्लू, कोंबडी, पायरी, तात्याची टोपी, सगळं सगळं. बाप नुसता "व्हय गो, व्हय गो" म्हणत होता आणि त्याचा आवाज फुटत होता. पोस्टात तात्या मोठमोठ्याने हसत होता. मी इथे बोर्डासमोर तोंडात पदर कोंबून बसले होते. हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

सात मिनिटं झाली तेव्हा चिमीने आपणहून फोन आईकडे दिला, कारण तिला शी आली होती.

मी दोरी काढली. तिकिटावर वेळेचा रकाना कोरा होता. तीन लिहावं तर खोटं, सात लिहावं तर न विचारता वाढवलेला कॉल. दामले साहेबांनी माझ्या खांद्यावरून हात घालून तिकीट घेतलं.

"बाई, आज गोळी विसरलात?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "आज गोळी घेऊन विसरले."

ते टेबलाशी गेले. वही उघडली, पेन्सिल नाही, पेन घेतलं. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. ते लिहीत होते त्या तिसऱ्या ओळीतली अक्षरं मला उलटी दिसत होती, पण उलटी अक्षरं मला चांगली वाचता येतात. 'पोलादपूर लाइन. आवाज उशिरा पोहोचला. ऑपरेटरचा दोष नाही.'

मी एक बांगडी परत डाव्या हातात घातली आणि चोवीस नंबरची दोरी उचलली.